दुसरीच्या बाई आजारी नाहीत

डुलुथ, मिनेसोटा
९ जानेवारी

ती. गेरिटदादास,
मार्लिसचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि कोरिनवहिनीने पाठवलेली बदामाची वळकटी दोन्ही पोचलं. वळकटी डेनाने आणि मी दोन दिवसांत फस्त केली, पत्र मात्र पुरवून वाचलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून आम्ही भावंडं पत्रं लिहितो, असं तू गावभर सांगतोस म्हणे. मला विचारशील तर फोनवर मी तुला मध्येच तोडते आणि पत्रात तोडता येत नाही, म्हणून तुला पत्र गोड लागतं. इकडे सरोवर काठाकाठाने गोठलंय. माझा गुडघा आहे तसाच. आमच्या चर्चमध्ये यंदा नाताळला बसायला जागा नव्हती. पाळक बाई असूनही, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलंय.

आता खरं ते लिहिते. बसून वाच, आणि वहिनी खोलीत असेल तर ती बाहेर गेल्यावर वाच.

डेनाला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे. माणूस तुमच्याकडे पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला आलेला, कोल्टर नावाचा. तो आता टेक्ससला आहे आणि फोन उचलत नाही. शेवटचा उचलला तेव्हा म्हणाला की मिनेसोटात अजून कायद्याने होतं, जा आणि मोकळी हो. तिने वेळ घेतलीही होती. दादा, नाताळला ती माझ्याकडे थेट आली नाही. मिनियापोलिसच्या त्या दवाखान्यासमोर दीड तास गाडीत बसून आली. दर जानेवारीला गर्भपाताविरुद्धच्या मोर्चात काका खांद्यावर घेऊन चालायचे, ते आठवत राहिलं, पाय उचलेना, असं म्हणाली. मग गाडी सुरू केली, माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, आत्या, काही खायला आहे का?

बाळ ठेवायचं तिने ठरवलंय. वर्गातली बावीस पोरं दुसरीतून पार पडेपर्यंत शिकवायचं, आणि पुनरुत्थानाच्या सणाची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन सांगायचं, असा तिचा बेत आहे. तोवर कुणाला काही बोलू नको म्हणून मला बजावलंय.

तरी तुला सांगतेय. तिची आई लवकर गेली, आपला भाऊ वेंडेल धान्याच्या कोठीत गुदमरला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि त्यानंतर तिला बाप म्हणून तूच. तिच्यासाठी प्रार्थना कर. बाकी काही करू नकोस. शाळा मंडळाचा अध्यक्ष म्हणून हे पत्र वाचू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मार्लिस

&nbsp;

न्यू आर्नेम, आयोवा
२१ जानेवारी

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोर्चाच्या आदल्या दिवशी हाती आलं. कोटाच्या आतल्या खिशात घालून राजधानीला गेलो. थंडी अशी की भोंग्यातून बोलताना ओठ त्याला चिकटत होते. चर्चच्या मंडळीतून दोन बसगाड्या भरून माणसं आली होती. विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहून मी न जन्मलेल्या लेकरांबद्दल बोललो, तेव्हा तुझं पत्र छातीला लागून होतं. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्याला सांगितलं, वाऱ्याने डोळे झोंबतायत. पोरीचा मला अभिमान वाटतो. एवढ्या वर्षांत मोर्चांनी कुणाचं काही वाचवलं का, असं तू दर वेळी विचारतेस. निदान एक लेकरू वाचलं.

पण मार्लिस, अध्यक्ष म्हणून वाचू नकोस म्हणतेस, तर ते डोळे मी कुठे काढून ठेवू? आमच्याकडे प्रत्येक शिक्षक सातव्या कलमाखाली सही करतो, की शरीराचा संबंध फक्त लग्नात ठेवीन. डेनानेही केली आहे. दोन वर्षांपूर्वी संगीताच्या रिन्स्मा मास्तरांना आम्ही याच कलमाखाली काढलं, त्यांनी एका पुरुषाशी लग्न केलं म्हणून. तेव्हा भर सभेत एका पालकाने उठून मला विचारलं होतं, तुमच्या घरचं कुणी असतं तर? मी म्हणालो होतो, तर त्यालाही हेच. माझ्या त्या बोलण्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता माहीत असून गप्प बसलो तर तेव्हा मी खोटं बोललो, असं होईल. मंडळाची बैठक फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी आहे. मी प्रार्थना करतोय. कोरिनला अजून सांगितलेलं नाही. मक्याला यंदा भाव नाही, बाकी सर्व कुशल.

तुझा भाऊ,
गेरिट

&nbsp;

डुलुथ
२८ जानेवारी

दादा,

सलाम-आशीर्वाद पुढच्या पत्रात. हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय, कारण तू फोन उचलत नाहीस, आणि वहिनीपाशी बोलावं तर तिला तू काही सांगितलेलं नाहीस.

तू तोंड उघडायचं नाहीस. तुला कळलं ते माझ्याकडून कळलं, आणि मला तिने शपथ घालून सांगितलं होतं. तिला स्वतःच्या तोंडाने सांगू दे. तीन महिन्यांनी तुमचं कलम पळून जाणार नाही. तुला टाळ्यांची लाज राखायची असेल तर अध्यक्षपद सोड, घरी बस, पण त्या बैठकीला जाऊ नकोस. हात जोडते.

मार्लिस

&nbsp;

न्यू आर्नेम
६ फेब्रुवारी

चि. मार्लिस हिस,
आशीर्वाद.

तुझं तातडीचं पत्र शनिवारीच मिळालं होतं. आत काय असेल ते मला माहीत होतं, म्हणून मंगळवारची बैठक होईपर्यंत मी ते फोडलं नाही. हे तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं, पण कळवतो.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. बैठकीत मी सांगितलं. मुख्याध्यापकांनी डेनाला वर्गातून बोलावून आणलं. तिच्या बोटांना रंगीत खडूची धूळ होती. पाळकांनी तिला मायेने विचारलं की तुला पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, त्या माणसाचा होतो, बाळाचा होत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काका, हे तुम्हाला आत्याने सांगितलं का? मी मान डोलावली. त्यानंतर तिने मला काका म्हटलं नाही, बैठक संपेपर्यंत अध्यक्षसाहेब म्हणत राहिली.

सगळ्यांचं म्हणणं पडलं की तिने आपण होऊन राजीनामा द्यावा, म्हणजे बोभाटा होणार नाही. ती म्हणाली, मी नोकरी सोडत नाहीये, तुम्ही मला काढताय, तेव्हा कागद तुम्ही लिहा. मतदान झालं. मंडळ सात जणांचं. मतं समसमान पडली तरच अध्यक्षाने हात वर करायचा, असा आमचा नियम आहे. पाच जण काढा म्हणणारे होते, एक नको म्हणणारा. माझ्या हाताची गरजच नव्हती. तरी सगळ्यांच्या आधी तो मीच वर केला. का केला, ते दोन दिवस शोधतोय. कुणी म्हणू नये की गेरिट घरच्यांना सांभाळतो, एवढंच कारण सापडतं.

तिने वर्गाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. आजारपणाचा विमा मार्चअखेरपर्यंत चालू ठेवलाय, तेवढं मी करून घेतलं. पालकांना पत्र पाठवलं, दुसरीच्या बाई आजारी असल्यामुळे वर्षभर येऊ शकणार नाहीत. मसुदा मुख्याध्यापकांचा, सही माझी.

कोरिनला आता कळलंय. ती मला ताट वाढते आणि स्वतःचं ताट घेऊन न्हाणीघराशेजारच्या खोलीत जाऊन जेवते. सत्तेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आम्ही नियमाप्रमाणे वागलो. पण नियमाने वागल्यावर माणसाला झोप लागायला हवी ना?

गेरिट

&nbsp;

डुलुथ
२० फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम, वि. वि.

डेना पंधरवड्यापासून माझ्याकडे आहे. गाडीत दोन पेट्या आणि पोरांनी काढलेल्या चित्रांची एक गुंडाळी घेऊन आली. मी डोंगराएवढा राग काढून तुला लिहिणार होते. चार वेळा लिहायला बसले, चारही वेळा कागद फाडला, कारण मध्येच मला माझंच पहिलं पत्र आठवायचं.

मी लिहिलं होतं की प्रार्थनेसाठी सांगतेय. ते अर्धंच खरं होतं. नोव्हेंबरात तुमच्याकडे आभारदिनाच्या जेवणाला आपलं वाजलं, ते तुला आठवत असेल. टर्की कापता कापता तू म्हणालास, तुम्हा शहरी चर्चवाल्यांना जिवाची किंमत उरलेली नाही. मी पंधरा-पंधरा तास उभी राहून बाळंतपणं केलेली सुईण, चाळीस वर्षं पोरं जगात आणली, आणि तू मला हे सर्वांसमोर म्हणालास. ते मनात सलत होतं. डेनाची हकिकत कळली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आता दादाला दाखवते, तुझ्या मोर्चाची किंमत कोण मोजतं. मला वादात जिंकायचं होतं. तिने विश्वासाने माझ्या हाती दिलेलं मी पत्त्यासारखं तुझ्यापुढे टाकलं. पुढचा डाव तू खेळलास, पण पत्ता मी टाकला.

हे मी तिला सांगितलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मात्र रोज सकाळी उठून माझ्या पायऱ्यांवरचं बर्फ खोऱ्याने काढून ठेवत होती, मी गुडघ्यावर पडू नये म्हणून. दादा, त्या बर्फाने मला जेवढी शरम आली तेवढी शिव्यांनी आली नसती. पाचव्या दिवशी तिने विचारलं, आत्या, तू सुईण होतीस, मग पाय इतके का सुजतात ते सांग. तिथून आम्ही पुन्हा सुरू केलं.

मी तुला माफ करायला लायक नाही आणि तू मला. तिला पत्र लिही एवढंच सांगते. नाही तर तिलाच लिहायला लावते.

तुझीच,
मार्लिस

&nbsp;

डुलुथ
१७ मार्च

मा. अध्यक्ष, ख्रिस्ती शाळा मंडळ, न्यू आर्नेम, यांस,
स. वि. वि.

आत्या लिही म्हणाली म्हणून लिहितेय. तुमची तीन पत्रं आली. ती वाचली. त्यांत हवामान आणि पेरणी भरपूर आहे.

माझ्या वर्गातल्या ॲनिकाने मला कार्ड पाठवलंय. वर फुलं काढलीत, खाली लिहिलंय, बाई लवकर बऱ्या व्हा, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते. असली अकरा कार्डं आली. बावीस पोरं रोज देवाकडे माझं नसलेलं दुखणं बरं करायला मागतायत. त्यांना मी वर्षभर शिकवत होते की खोटं लहान असलं तरी खोटंच. मी आजारी नाही. मी आजारी आहे हे त्यांना कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही, अध्यक्षांना ठाऊक असावं म्हणून लिहिते. त्या दिवशी मी गाडीतून उतरून आत गेले असते, तर दोन दिवस आत्याकडे झोपून सुट्टी संपल्यावर वर्गात उभी राहिले असते. कुणाला कळलं नसतं. मे महिन्यात दहा वर्षांच्या सेवेबद्दल तुम्हीच मला पितळी पाटी दिली असती आणि टाळ्या पडल्या असत्या. तुम्ही खांद्यावर घेऊन मला जे शिकवलं तसं मी केलं, आणि तुमच्या शाळेत त्याचीच शिक्षा आहे. माझ्यानंतर तिथे एखादी शिक्षिका अशीच गाडीत बसली, तर ती माझं काय झालं ते आठवेल आणि दार उघडून आत जाईल. त्या लेकराचा जाब कोण देईल, याचा तुमच्या मंडळाने विचार करावा.

मी चुकले नाही असं म्हणत नाही. त्या माणसाच्या बाबतीत मी मूर्ख ठरले आणि दिलेली सही मोडली. मला आधी घरी येऊन कुणी विचारलं असतं, तर मीच रडून सगळं सांगितलं असतं. तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही सात पुरुषांमध्ये विचारलंत.

तिसरी गोष्ट कामाची. इथल्या सरकारी शाळेत जागा निघणार आहे. सरकारी शाळांबद्दल तुमचं मत मला पाठ आहे. तिथे आधीच्या नोकरीबद्दलचं पत्र लागतं आणि ती का सुटली ते विचारतात. मुख्याध्यापक 'व्यक्तिगत कारणास्तव' असं लिहायला तयार आहेत. मला ते नको. खरं लिहून पाठवता येत असेल तर पाठवा.

कोरिनकाकूंना माझा नमस्कार. त्यांनी विणलेलं पांघरूण मिळालं.

आपली,
डेना

&nbsp;

न्यू आर्नेम
५ मे

चि. डेना हिस,
आशीर्वाद द्यायचा अधिकार उरला आहे की नाही कळत नाही, तरी हात तसाच वळतो.

तुझं पत्र वाचून सहा आठवडे झाले. उत्तर द्यायच्या आधी काही कामं उरकायची होती.

आधी मंडळापुढे तुझं पत्र वाचून दाखवलं. लेकराच्या जाबाचा भाग आला तेव्हा पाळकांनी चष्मा काढला. दोघे जण म्हणाले, पोरीचं म्हणणं बरोबर आहे, असा प्रसंग आल्यास काढून न टाकता सांभाळून घ्यावं, असं कलम करू. बाकीचे म्हणाले, मग कलम कशाला ठेवायचं? तुला परत बोलावण्याचा ठराव मी मांडला, तो दोनाविरुद्ध चार मतांनी पडला. मी अध्यक्षपद सोडलं. कलम आहे तसंच आहे, हे तुला खरं खरं कळवतो.

मग पुढच्या रविवारी उपासनेत उभा राहिलो. माझ्या लहानपणी अशा मुलींना मंडळीसमोर उभं करून पाप कबूल करायला लावत. ती पद्धत बंद झाली ते बरंच झालं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी उभा राहिलो. म्हणालो की माझ्या बहिणीने विश्वासाने कळवलेलं मी उघड केलं, माझी लेक समजून वाढवलेल्या मुलीला माझ्या नावासाठी काढलं, आणि बावीस पोरांना सही करून खोटं सांगितलं. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव खाताना लोक माझ्याशी पावसाबद्दल बोलले. रिन्स्मा मास्तरांची आई मात्र जवळ आली आणि विचारून गेली की माझ्या मुलासाठी कधी उभे राहणार. लग्नाबद्दल पवित्र शास्त्र काय म्हणतं ते मला अजून तसंच दिसतं. पण त्या माणसाला काढताना मी त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती, हे त्या बाई गेल्यावर आठवलं. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर तुझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी गेलो. कानाला यंत्र लावून, कारण पोरं हळू बोलतात. तुझ्या बाई आजारी नाहीत, त्यांना बाळ होणार आहे, त्या आजारी आहेत हे खोटं होतं आणि ते मी सांगितलं, एवढंच बोलायचो. तीन घरांनी दारातूनच परत पाठवलं. एका बापाने सुनावलं की असल्या गोष्टी माझ्या मुलाच्या कानावर घालायचा तुम्हाला काय हक्क? त्याचं बरोबर असेलही. बेन म्हणून जो आहे त्याने विचारलं, मग बाळाला वाचायला कोण शिकवणार? मी म्हणालो, बाईच. त्याला ते पटलं. ॲनिका मात्र दुसरंच बोलली. मी रोज देवाला खोटंच सांगत होते का, म्हणून रडायला लागली. मी तिला म्हणालो, पाप माझ्याकडे आहे, तुझी प्रार्थना देवाने नीट जागेवर लावली असेल. हे बोललो तेव्हा तिची आई माझ्याकडे बघत नव्हती. त्या घरातून निघाल्यावर मला गाडी चालवता येईना. शेताच्या कडेला थांबलो होतो.

सोबत पत्र जोडलंय. मंडळाने छापील कागद दिला नाही, म्हणून साध्या कागदावर लिहिलंय. त्यात लिहिलंय की दहा वर्षांत या शिक्षिकेच्या हातून एकही मूल वाचायला न शिकता पुढे गेलं नाही. ती अविवाहित असून गरोदर राहिली आणि तिने मूल ठेवलं, म्हणून आम्ही तिला काढलं. तिच्या कामात खोट नव्हती. काढणाऱ्यांत पहिला हात माझा होता, आणि तो मी चुकीने वर केला. खाली सही, पत्ता, फोन. फोन कोरिन उचलेल, मला ऐकू येत नाही.

क्षमा कर असं लिहिलेलं नाही. सात पुरुषांसमोर तुझ्याकडून उत्तर मागितलं, आता आणखी काही मागायला नको.

तुझा
गेरिटकाका

ता. क. कोरिन पुन्हा माझ्यासमोर बसून जेवते. बोलत अजून कमीच.

&nbsp;

डुलुथ
३ ऑगस्ट

ती. काकांस,
सलाम, वि. वि.

मुलगी झाली, १२ जुलैला, आठ पौंडांची. आत्या माझ्या उशाशी उभी राहून डॉक्टरणीला सूचना देत होती, शेवटी तिला बाहेर काढावं लागलं. नाव टिर्झा ठेवलंय. आपल्या घरात कुणाचंच नव्हतं, म्हणून.

नोकरी मिळाली. ऑगस्टअखेर शाळा उघडेल, मला दुसरीच दिलीय, पण मी ऑक्टोबरपासून रुजू होईन. तेवढा वेळ त्यांनी न मागता दिला. तिथल्या मुख्याध्यापिकेने तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, वीस वर्षांत असं पत्र माझ्या टेबलावर आलं नाही. मग विचारलं, हे लिहिणारे गृहस्थ तुमचे कोण?

अध्यक्ष म्हणणार होते. मग सांगितलं की माझे काका, यांनी मला वाढवलं.

टिर्झाला बघायला या असं मला अजून लिहिता येत नाही. तुम्हाला वाटेल की एवढं सगळं केल्यावर आता काय राहिलं. मलाही सांगता येत नाही. तुम्ही घरोघर गेलात ते मला कळतं, ॲनिकाच्या आईने लिहिलं. पण टिर्झाला दूध पाजताना मध्येच ती बैठकीची खोली डोळ्यांपुढे येते आणि अंगाला कापरं भरतं, मग ती पिणं सोडून रडायला लागते. ते थांबलं की लिहीन.

काकूंना मात्र पाठवा. बस सोमवारी आणि गुरुवारी आहे. त्यांना सांगा, घरी शिजवून काही आणू नका, रिकाम्या हातांनी या, म्हणजे बाळ लगेच घेता येईल.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. तो आहे, काका. सध्या दुखतो.

डेना